औषध पिलंय

रेवाची झोप म्हणजे दुधावरची साय. चमचा पडला, कोंबडी कलकलली की गेलीच फाटून. लेकरू अजून रांगायलाही लागलं नव्हतं, पण कान असे तिखट, की रणजितचा टेम्पो डांबरीवरून आत वळला की हिचे पाय झोळीत नाचायला लागायचे. म्हणून स्वरूपा मनगटातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा कोपराकडे सारून ठेवायची. वाजायला नकोत.

आज दुपारी मात्र तिनं त्याच बांगड्या झोळीच्या तोंडाशी मुद्दाम वाजवल्या.

"उठा की वो बाईसाहेब. दिस कलला. किती झोपायचं माणसानं?"

रेवा हलली नाही.

स्वरूपानं तिला उचललं. मान ओल्या फडक्यासारखी मागं पडली. अंगावर घेतलं, तर ओठ दुधाला लागले आणि तसेच राहिले. ना ओढणं, ना हुंगणं, ना इवल्या मुठीनं पदर धरणं. दूध तोंडात गेलं आणि ओठाच्या कोपऱ्यातून कानाकडं वाहून आलं.



"आत्या," ती सासूला आत्या म्हणायची, "आत्या, आत या जरा. हिला बघा की."

ठमाबाई दारात टोमॅटो निवडत बसल्या होत्या. फुटके एका बाजूला, बाजारचे एका बाजूला. त्यांनी मानही वर केली नाही. "झोपू दे की. सकाळचं औषध लागू पडलं आसंल. त्यो पोरगा म्हणलाच हुता, झोप चांगली लागंल."

औषध. बागायती रानातल्या या घरात तो शब्द निघाला की आधी गोठ्यामागची कुलपातली खोली आठवायची. औषध मारायचं म्हणजे टोमॅटोवर फवारायचं. औषधाचे हात लेकराला लावू नका, औषधाचा सदरा वेगळा भिजवा. आणि कुणी 'औषध पिलं' म्हटलं की अख्खी वस्ती ताटावरून उठायची, कारण ते एकाच अर्थानं म्हणायची रीत होती. देवळीतली ती इवली बाटली दुसऱ्या औषधाची होती. ताकदीच्या. निदान तसं सांगितलं होतं.

ती बाटली घरात आली ती ठमाबाईंच्या हौसेनं. ऊसतोडीची टोळी कालव्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या घालून राहिली होती, बीडकडची माणसं. ठमाबाई तिथं म्हशीसाठी वाढं आणायला जायच्या. उसाचे हिरवे शेंडे तोडकऱ्यांकडून स्वस्तात मिळायचे. एक दिवस नातीला काखेत घेऊन गेल्या, तर कोप्यांपुढं बायकांची रांग. एक गाडी, एक टेबल, आणि नागेश नावाचा गोड बोलणारा पोरगा. लेकरांच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब घेत होता, मग बाटली देत होता. वर एक टॉवेल आणि स्टीलची वाटी. रांग दिसली आणि ठमाबाई उभ्या राहिल्या. फुकटचं सोडायचं त्यांना जमायचं नाही, आणि नातीसाठी तर त्या कुठल्याही रांगेत उभ्या राहिल्या असत्या.

त्या दिवसापासून स्वरूपा रोज सकाळी झाकणभर औषध रेवाच्या जिभेवर सोडत होती. स्वतःच्या हातानं.

तिनं बाटली हातात घेतली. पांढरी चिठ्ठी. त्यावर बाळाचं चित्र नाही, दुकानाचं नाव नाही, किंमत नाही. एक आकडा, आणि कोपऱ्यात लाल ठिपका.

"आत्या, कोप्यावरच्या लेकरांच्या बाटल्यांना पण लालच ठिपका हाय का?"

"कुणाच्या लाल, कुणाच्या पिवळा. रंगाचं काय घिऊन बसलीस?"

स्वरूपा बाटली मुठीत घेऊन, रेवाला छातीशी धरून कालव्याकडं निघाली. निघाली कसली, चपला न घालताच धावली.

बानूबाईची कोपी पहिलीच. लेक-सून फडात तोडायला गेलेली, ही नातवाला घेऊन घरी. कोपीच्या सावलीत नातू तिच्या मांडीवर आडवा होता आणि ती त्याच्या तळपायाला राख चोळत होती. बाजूला बाटली. ठिपका लाल.

"बानूमावशी, ह्यो पन झोपलाय?"

"कालपासून, माय." बानूबाईनं वर पाहिलं. डोळे कोरडे, पण आवाज कुठंतरी फाटला होता. "आदी रडला, मंग रडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटाया लागलं."

"डाक्टरकडं न्यायचं न्हाय का मग?"

"नगं म्हनला की त्यो. नागेसभाऊ. मी सकाळी पोराच्या फोनवरनं बोलले. म्हनला, दुसऱ्या डाक्टरला दावू नगा, औषधाचा गुन जातो. आसंच राहू द्या, मी यिऊन बगतो."

आसंच राहू द्या.

हे वाक्य स्वरूपानं आधी ऐकलं होतं. गेल्या साली कंपनीचा एक माणूस त्यांच्या टोमॅटोत नव्या औषधाची चाचणी घ्यायला आला होता. त्यानं सऱ्यांच्या तोंडाशी झेंड्या रोवल्या. तांबड्या सऱ्यांवर नवं औषध मारायचं, पांढऱ्यांवर नुसतं पाणी. मग करपा आला. एकीकडच्या सऱ्या जळायला लागल्या तशी स्वरूपा पंप घेऊन धावली, तर तो माणूस हसून आडवा आला. "ताई, हात लावू नका. जळतंय का तेच तर बघायचंय. तसंच राहू द्या."

टोमॅटो होते ते. टोमॅटोची कंपनीनं भरपाई दिली होती.

 काखेतल्या लेकराचं ओझं एकाएकी दुप्पट झालं. बाटलीवरचा लाल ठिपका तिला झेंडीसारखा दिसायला लागला. माझी रेवा कुठल्या सरीतली?

तिनं बानूबाईकडून नंबर घेतला आणि फोन लावला. पलीकडून आवाज कसा, पेढा खाल्ल्यासारखा.

"बोला ताई. कुठल्या कोपीवरून बोलताय?"

"कोपी न्हाय वो. मी अंथुर्ण्याची. गावातली. माझी लेक उठंना झालीया."

पलीकडं मोटारसायकलींचे आवाज तेवढे ऐकू येत होते.

"गावातली?" पेढा संपला होता. "तुमच्या बाळाला बाटली कुणी दिली?"

"तुमीच की. सासूबाई घिऊन आल्त्या."

"अहो, ते फक्त कोप्यांवरच्या लेकरांसाठी होतं. तुम्ही गावातल्या लोकांनी मध्येच कशाला..." तो थांबला. मग घाईघाईनं, "हे बघा, घाबरू नका. बाटली जपून ठेवा. कुणाला दाखवू नका, दवाखान्यात तर अजिबात नेऊ नका. मी शेजारच्या जंक्शन गावातच आहे. आलोच बाटली घ्यायला."

बाटली घ्यायला. लेकराला बघायला नाही.

 फक्त कोप्यांवरच्या लेकरांसाठी. पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला, की गाड्या जुंपून निघून जाणारी माणसं. कुठलं लेकरू कुठं गेलं, कोण विचारणार? तिच्या रेवाची तेवढी चूक झाली होती. रांगेत चुकून शिरलेलं लेकरू.

तिनं रणजितला फोन लावला. तो इंदापूरच्या बाजारात माल उतरवत होता. मागं हमालांचा गलका, कुणाचं तरी 'बाजू, बाजू'.

"आवो, ऐका... लेकरानं औषध पिलंय, ती डोळं..."

"काय?"

"औषध! रेवानं..."

फोन कट. कालव्याच्या कडेला रेंज अशीच, असली तर असली. ती परत लावायला गेली तर नंबर व्यस्त. परत व्यस्त. तिला वाटलं, आता काय करू? घराकडं जाऊ? रस्त्याला जाऊ? कोण गाडी काढेल? लेकरू सुस्त आहे म्हणून कुणी ऐन दुपारी गाडी काढतं?

ती घराच्या वळणाला पोचते तोवर वस्ती उलटली होती.

रामहरीतात्या, शेजारचे, अर्धी दाढी केलेल्या तोंडानं जीप अंगणात आणत होते. त्यांची सून मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन धावत होती. कुणी गोठ्यामागच्या खोलीचं कुलूप ओढून बघत होतं. आणि ठमाबाई टोमॅटोच्या ढिगात बसून छाती बडवत होत्या. "कुलूप तर हाय! कुलूप हाय की! मग घावलं कसं गं लेकराला?"

"रणजितचा फोन आला," तात्या ओरडले. "लेकरानं औषध पिलंय म्हणला. कुठलं? फवारणीचं का तणाचं? डबा घे संगट, डाक्टर डबा मागतो!"

स्वरूपाला कळलं. तिनं सांगितलं एक, नवऱ्यानं ऐकलं दुसरं. तोंडाशी आलंही, की अवो ते औषध न्हाय, हे ताकदीचं. पण जीपचं इंजिन धडधडत होतं. मागचं फाळकं उघडलं होतं. ताकदीच्या औषधानं लेकरू झोपलंय असं ती म्हणाली असती, तर ते इंजिन बंद पडलं असतं. तात्या हसले असते, अर्धी दाढी पुरी करायला गेले असते.

ती म्हणाली, "ह्ये घ्या. ह्येच ते औषध." आणि बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

तात्यांची सून तांब्या घेऊन पुढं आली. "तोंड उघड गं तिचं. उलटी काढू."

"न्हाय!" स्वरूपानं रेवाला पाठीशी फिरवलं. "गिळंना झालीया ती. घशात आडकंल. कुणी काय पाजू नगा. आजपासनं माझ्या लेकराला कुणी काय पाजू नगा."

तेवढ्यात घर विचारत विचारत मोटारसायकल आली. नागेश. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग. गर्दी बघून त्यानं पाय जमिनीला टेकवला, पण गाडी बंद केली नाही.

"काय झालं काय? ताई, ती बाटली द्या इकडं. गैरसमज होतोय तुमचा."

"तू कोण रं?" तात्यांनी विचारलं.

"मी संस्थेचा कोऑर्डिनेटर. काका, ते विष नाही. चांगलं औषध आहे. त्यावर अभ्यास चालू आहे."

"चांगलं हाय?"

"एकदम सुरक्षित."

"मग घे की एक घोट," तात्या म्हणाले. अर्धीच दाढी झालेलं तोंड, एक गाल फेसानं पांढरा, एक काळा. एरवी कुणीही हसलं असतं. "घे. आमी पन बघतो जरा. आमचा पन आब्यास हुंदे."

नागेशनं बाटलीकडं पाहिलं. मग स्वरूपाकडं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "असं घ्यायचं नसतं ते मोठ्यांनी," तो पुटपुटला आणि गाडी वळवू लागला. मागून ठमाबाई उठल्या. हातात जो आला तो टोमॅटो त्यांनी फेकला. तो त्याच्या इस्त्रीच्या पाठीवर फुटला. "मुडद्या, माझ्या नातीला काय पाजलंस रं!" पण धूळ उडाली होती आणि मोटारसायकल गेली होती.

जीप निघाली. स्वरूपा मागं, मांडीवर रेवा, शेजारी ठमाबाई. इंदापूरचा रस्ता उजवीकडं. स्वरूपा म्हणाली, "तात्या, डावीकडं घ्या. कालव्याकडं."

"काय म्हणतीस?"

"बानूमावशीचा नातू. त्यानं पन ह्येच पिलंय. आदी त्यानं पिलंय."

ठमाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला. "स्वरूपा, आदी आपलं बघ. आपलं लेकरू जातंय गं."

रेवाची छाती हलत होती का? स्वरूपानं गाल तिच्या नाकाशी नेला. अगदी बारीक, काजव्यासारखा श्वास. आला. थांबला. आला. उजवीकडं वळलो तर हा श्वास पोचेल. डावीकडं वळलो तर कदाचित नाही. तिला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि त्या भीतीतच तिला बानूबाईचे कोरडे डोळे दिसत होते. आसंच राहू द्या, म्हणला की त्यो.

"तात्या, वळवा म्हणते ना! तुमच्या पाया पडते, वळवा."

तात्यांनी वळवली. बानूबाई काहीच विचारत बसली नाही. नातवाला पदरात गुंडाळून, अनवाणी, चालत्या जीपमध्येच चढली. बाटली तिच्या हातात होतीच. ती सोडायचं तिला सुचलं नव्हतं.

शेळगाव गेलं, निमगाव गेलं. उसाच्या ट्रॉल्या पुढं आडव्या यायच्या तेव्हा तात्या हॉर्नवर हात ठेवून शिव्या द्यायचे. दोघी बाया मागं एकमेकींच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या आणि आपापल्या लेकराच्या नाकाशी बोट धरून होत्या.  श्वासानं बोट ओलसर झालं की एकमेकींकडं बघायच्या, एवढंच.

दवाखान्याच्या दारात रणजित उभा होता. सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. त्यानं रेवाला तिच्या हातातून घेतलं आणि पळाला. "औषध पिलंय, मॅडम, औषध पिलंय..."

डॉक्टर वृषाली तरुण होत्या, स्वरूपाच्याच वयाच्या. त्यांनी रेवाच्या पापण्या उघडून बॅटरी धरली, तोंड हुंगलं, बाटली हुंगली. कपाळाला आठी पडली. "फवारणीचा वास नाही याला. काय पिलं हिनं?"

सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांनी हात वर केला. "आई कोण?"

"मी."

"तुम्ही सांगा."

स्वरूपानं सांगितलं. रांग, टाचेचं रक्त, ठिपके, 'दवाखान्यात नेऊ नका'. सांगता सांगता डॉक्टरांनी दोन्ही लेकरांच्या रक्तातली साखर बघितली होती. ती पार तळाला गेली होती. "सिस्टर, ग्लुकोज. दोघांना. आत्ताच्या आत्ता."

सुई लावायला शीर सापडेना. इवलं मनगट, मग पाय, मग कपाळाच्या कडेला. स्वरूपाला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर एक हवालदार येऊन बसला. औषध पिल्याची केस आली की दवाखाना पोलिसांना कळवतोच, तशी रीतच होती. त्यानं आधी रणजितला विचारलं, मग ठमाबाईंना, मग तिच्याकडं वळला.

"औषध पाजलं कुणी?"

"मी पाजलं."

"पहिली मुलगीच का?"

प्रश्न साधाच होता. तो डोक्यात शिरायला वेळ लागला. ह्यांना वाटतंय, मी. मुलगी झाली म्हणून मी. नागेश तर कधीच पसार झाला होता. बाटलीवर ना नाव ना गाव. हात होता तो फक्त तिचा. आताही ती म्हणू शकत होती, मला काय ठाऊक न्हाय, घावली आसंल कुठं.

"व्हय, मुलगीच," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिनं कापू दिला. "माझ्या हातानं पाजलं, रोज सकाळी. तिला ताकद यावी म्हणून. मला कुणी सांगितलं न्हाय की आमी चाचणीचा प्लॉट हाय म्हणून. त्या कोप्यांवर अजून लेकरं हायती, सायेब. त्यांच्या पन आया रोज पाजत्यात. माझं काय लिवायचं ते मागनं लिवा. आदी तितं कुणाला तरी पाठवा."

 हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि विचारलं, "टोळी कुठं आहे म्हणालात?"

पण त्याची गाडी निघायच्या आधीच तात्या जीप घेऊन परत गेले होते. कोप्यांवर त्यांनी लांबलचक काही सांगितलं नाही. अभ्यास, संस्था, साखर, काही नाही. फडातनं धावत आलेल्या बायांना एवढंच म्हणाले: "त्या बाटलीत औषध हाय. फवाऱ्यातलं समजा. वतू नगा, संगट घ्या, लेकरं घ्या, चढा." तेवढं पुरलं.

दिवस कासऱ्याभर राहिला असेल, तेव्हा बायका आल्या. हातापायाला उसाच्या पानांचे चरे, काखेत लेकरं, पदराच्या गाठीत बाटली. एकेक गाठ सुटत गेली आणि डॉक्टरांच्या टेबलावर बाटल्यांची गर्दी झाली. लाल, पिवळे, लाल. लाल ठिपक्यांची लेकरं मलूल होती. पिवळ्यांची एक-दोन भोकाड पसरून रडत होती आणि त्यांच्या आयांना त्या रडण्याचं इतकं कौतुक वाटत होतं, की कुणी त्यांना गप्प करत नव्हतं.

बानूबाईच्या नातवाला ॲम्ब्युलन्समधनं पुण्याला हलवलं. त्याची साखर चढत होती, पण डोळे उघडले नव्हते. चढताना बानूबाईनं स्वरूपाच्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "तुजी चांगली हुईल बग," म्हणाली. आपल्या नातवाचं काही म्हणाली नाही.

स्वरूपाला आत सोडलं, तेव्हा रेवा पांढऱ्या चादरीवर होती, कपाळाला पट्टी, नळी. स्वरूपाला तिला हात लावायची भीती वाटली. हाच हात. ती नुसती वाकली. वाकताना कोपराकडं सारलेल्या बांगड्या घसरून मनगटावर आल्या आणि वाजल्या.

रेवाची भुवई हलली. तोंड वाकडं झालं. आधी आवाजच नाही, मग मांजराच्या पिलासारखा, मग चिडलेला, खरखरीत, पुरता भोंगा.

ठमाबाई दारातच खाली बसल्या. रणजितनं भिंतीकडं तोंड केलं.

"चोवीस तास ठेवून घेऊ," डॉक्टर म्हणाल्या. "बाटल्या तपासायला जातील. त्यात काय होतं आणि पुढं काय त्रास होईल, ते आत्ता मी सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही."

सिस्टर एक छोटी बाटली आणि चमचा घेऊन आल्या. "दूध पाजण्याआधी एवढं औषध द्या."

स्वरूपाचा हात उठला नाही. रेवा तिच्या पदराला तोंड लावून शोधत होती, छाती भरून दुखत होती, सिस्टर चमचा पुढं धरून उभी होती आणि तिच्या मागं आणखी लेकरं रडत होती.

"घ्या ना बाई. सगळ्यांना द्यायचंय."

"ह्यात काय हाय?" स्वरूपानं विचारलं.

सिस्टर थबकली. "म्हणजे?"

"ह्या बाटलीत काय हाय, कशासाठी हाय, अजून कुणाला दिलंय. सांगा. मग पाजते."

सिस्टरनं डॉक्टरांकडं पाहिलं. दारात पदराच्या गाठी सुटलेल्या बायका उभ्या होत्या. त्याही एकमेकींना गप्प करून पुढं सरकल्या. डॉक्टर वृषालींनी बाटली हातात घेतली, उजेडाकडं धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वरची चिठ्ठी वाचायला लागल्या.